गर्भांतल्या लेकरास दारू कोण पाजतो?

दारूनें घर बुडतें, शेत गहाण पडतें, बायकोच्या गळ्यांतले मणी मोडतात, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ज्यांच्या घरीं हें झालें त्यांनीं तें भोगलें आहे, आणि ज्यांच्या घरीं झालें नाहीं त्यांनीं शेजारीं पाहिलें आहे. परंतु दारूचा एक घाला असा आहे कीं तो ज्याच्यावर पडतो त्याचें नांव अजून ठेवलेलें नसतें, त्यास ओरडतां येत नाहीं, आणि त्याची फिर्याद कोणत्याही चावडींत नोंदली जात नाहीं. तें लेकरूं आईच्या पोटांत असतें. आई प्याली कीं तेंही प्यालें. या एका गोष्टीबद्दल आज आम्ही जरा विस्तारानें लिहिणार आहों. शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत ही गोष्ट इंग्रजींत सांगितली जाते. वस्तीवर, भट्टीवर, उसाच्या फडावर ती मराठींत सांगणारा क्वचितच कोणी येतो.

कोणी म्हणेल, "आमच्या बायका कोठें पितात? ही मडमांची गोष्ट आमच्या दारांत कशास आणतां?" आम्ही त्यास आंकडे देतों. सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकीं शेंकडा १९ जण पितात असें आढळलें, आणि बायांपैकीं शेंकडा १. शंभरांत एक हा आंकडा लहान दिसतो. पण साऱ्या देशांतल्या बायांचा शंभरावा हिस्सा लाखांनीं मोजावा लागतो. त्याच पाहणींत असेंही दिसतें कीं शहरांतल्यापेक्षां खेड्यांतल्या बायांत पिण्याचें प्रमाण अधिक आहे. म्हणजे मडमांकडे बोट दाखवून आम्हांस सुटतां यावयाचें नाहीं. शिवाय हातांत कागद घेऊन दारांत उभ्या राहिलेल्या परक्या माणसास "होय, मी घेतें" असें किती बाया सांगतील, याचा विचार वाचकांनींच करावा. जेथें मोह गळतो तेथें सणासुदीस बाईच्याही हातीं द्रोण येतो. जेथें ताड आणि शिंदी आहे तेथें ताडीस कोणी दारू समजतच नाहीं. वीटभट्टीवर, खडीच्या खाणीवर दिवसभर वजन उचललेली बाई रात्रीं अंग ठणकतें म्हणून नवऱ्याच्या बाटलींतला घोट घेते. आणि शहरांत शिकलेली, पगार मिळविणारी मुलगी मित्रमंडळींत बियरचा ग्लास घेते. या साऱ्याजणींची राहणी निराळी, पण पोटांतलें लेकरूं साऱ्यांचें एकाच रीतीनें घडतें.

तें कसें घडतें तें समजून घ्यावें. आईच्या कुशींत वार असते, वारेस नाळ जोडलेली असते, आणि नाळेच्या वाटेनें लेकरास अन्नपाणी पोंचतें. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं वार ही गाळणीसारखी आहे; चांगलें तें आंत सोडते आणि वाईट तें बाहेर अडविते. कांहीं गोष्टी ती अडवितेही. पण दारूंतला मद्यार्क तिच्यानें अडत नाहीं. आईनें घोट घेतल्यावर थोड्याच वेळांत, आईच्या रक्तांत जितका मद्यार्क तितकाच जवळजवळ लेकराच्या रक्तांत उतरतो. आईचें यकृत पुरतें वाढलेलें असतें. तें हळूहळू दारू जिरवून टाकतें. लेकराचें यकृत कच्चें. त्याच्यानें तें काम होत नाहीं. ज्या पाण्यांत लेकरूं पोहत असतें त्या पाण्यांतही मद्यार्क उतरून राहतो आणि लेकरूं तेंच पाणी पुनः गिळतें. आईची नशा उतरली म्हणून लेकराची उतरली असें होत नाहीं.

आणि हें सारें कोणत्या दिवसांत? ज्या दिवसांत त्याचा पिंड घडत असतो त्या दिवसांत. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत चेहरा, हृदय, हातपाय यांची घडण होते. मेंदूची घडण तर आरंभापासून बाळंतपणापर्यंत एक दिवसही थांबत नाहीं. आमच्या कुंभार बंधूंस हें चटकन् कळेल. मडकें चाकावर फिरत असतां कोणी कोपर मारलें तर जो बांक पडतो, तो भट्टींतून भाजून निघाल्यावर कांहीं केल्या निघत नाहीं. दारू हें तसेंच कोपर आहे, आणि तें कोणत्या घटकेला कोठें लागेल याचा नेम नाहीं. कधीं गर्भ पडतो. कधीं मूल मेलेलेंच जन्मतें. कधीं दिवस भरण्याआधींच होतें, कमी वजनाचें होतें, डोकें लहान राहतें. कांहीं मुलांच्या तोंडावर खूण दिसते: डोळ्यांच्या फटी आंखूड, वरचा ओंठ पातळ, आणि नाक व ओंठ यांच्यामधली जी पन्हळ ती सपाट. डॉक्टर लोक या सर्व लक्षणांच्या दुखण्यास फीटल अल्कोहोल सिंड्रोम म्हणतात. परंतु दारूनें इजा झालेल्या बहुतेक मुलांच्या तोंडावर अशी खूण नसतेच. त्यांची इजा आंत, मेंदूंत असते. आणि ती दिसूं लागते मूल शाळेंत बसल्यावर. आज शिकलेलें उद्यां आठवत नाहीं. बेरीज-वजाबाकी डोक्यांत ठरत नाहीं. एका जागीं चित्त राहत नाहीं. असें केलें म्हणजे तसें होईल, हा पुढचा हिशेब त्यास करतां येत नाहीं. मास्तर त्यास ठोंब्या म्हणतो, बाप आळशी म्हणून चाबकानें झोडतो, आणि तें पोर दोघांच्याही तोंडाकडे पाहत राहतें. मोठेपणीं त्याच्या हातून चूक झाली कीं पोलीस त्यास उडाणटप्पू म्हणतात. ही इजा जन्मभराची आहे. लवकर ओळखली आणि प्रेमानें, धीरानें शिकविलें तर असें मूल पुष्कळ सांवरतें. पण ती इजा पुसून काढणारें औषध कोणाजवळ नाहीं.

"आमची आजी ताडी पीत असे, तिला आठ लेकरें झालीं, सगळीं धडधाकट!" असा जबाब आम्हांस कोणी ना कोणी देणारच. आम्ही म्हणतों, तसेंही असूं शकेल. गारा पडल्या म्हणजे साऱ्याच शिवाराचें पीक आडवें होतें असें नाहीं. एकाचें जातें, शेजारच्याचें वांचतें. आई किती पिते, केव्हां पिते, पोटभर जेवते कीं उपाशी असते, तिचें रक्त कसें आहे, अशा अनेक गोष्टींवर तें अवलंबून आहे. परंतु एवढी दारू चालेल, त्याहून जास्त चालणार नाहीं, अशी रेघ आजपर्यंत कोणत्याही देशाच्या डॉक्टरांस मारतां आलेली नाहीं. नऊ महिन्यांतला अमुक महिना निर्धोक, असेंही त्यांस सांगतां येत नाहीं. म्हणूनच त्यांचा सल्ला असा आहे कीं गरोदरपणीं एक थेंबही नको. आणि यांत मोहाची, ताडी, देशी, विलायती, बियर, वाईन असा भेद नाहीं. बाटलीची किंमत निराळी. आंतला मद्यार्क तोच.

ही कांहीं कालपरवांची नवी गोष्ट नव्हे. १७२६ सालीं लंडनच्या वैद्यमंडळानें पार्लमेंटास अर्ज केला कीं स्वस्त जिन दारूमुळें गोरगरिबांचीं मुलें दुबळीं व रोगट निपजत आहेत. १८९९ सालीं डॉक्टर सलिव्हान यांनीं लिव्हरपूलच्या तुरुंगांतील १२० दारूबाज बायांची चौकशी केली. त्यांस एकंदर ६०० मुलें झालीं होतीं. पैकीं निम्म्याहून अधिक मेलेलीं जन्मलीं किंवा दोन वर्षांच्या आंत दगावलीं. त्याच बायांच्या न पिणाऱ्या बहिणी व लेकी यांच्या मुलांत हें प्रमाण निम्म्याहूनही कमी होतें. आणि सलिव्हान यांनीं एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली. गरोदर असतां जी बाई तुरुंगांत पडली, आणि म्हणून तिला दारू मिळाली नाहीं, तिचें त्या खेपेचें मूल जगत असे. घरीं मेलें, तुरुंगांत जगलें! यापेक्षां स्वच्छ पुरावा तो कोणता? तरीही पुढें पन्नास-साठ वर्षें विद्वान् मंडळींस याचा विसर पडला. १९६० च्या दशकांत तर अपुऱ्या दिवसांत येणाऱ्या कळा थांबविण्यासाठीं डॉक्टरच गरोदर बाईच्या शिरेंतून मद्यार्क सोडीत. मग १९६८ सालीं फ्रान्समध्यें डॉक्टर लेमवान यांनीं १२७ मुलांची हकीकत छापली, आणि १९७३ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथील डॉक्टरांनीं या दुखण्यास नांव दिलें. तेव्हां कोठें जगाचे डोळे उघडले.

परंतु हें दुखणें सर्वांत अधिक कोठें सांपडलें तें सांगितल्यावांचून आमचा लेख पुरा व्हावयाचा नाहीं, कारण खरी मेख तेथें आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास केप नांवाचा मुलूख आहे. तेथील हवा द्राक्षास मानवते. १६५२ सालीं डच कंपनीचा यान व्हान रीबेक तेथें उतरला, आणि १६५९ सालीं तेथल्या द्राक्षांची पहिली वाईन निघाली. राबण्यास गुलाम आणले. ते आफ्रिकेंतून आणले, जावाकडून आणले, आणि आमच्या बंगाल, कोरोमंडल व मलबारच्या किनाऱ्यांवरूनही धरून नेले. म्हणजे त्या मळ्यांतल्या रक्तांत आमचेंही रक्त आहे. १६५८ सालीं गुलामांकरितां शाळा काढली, तेव्हां शाळेंत येणाऱ्या प्रत्येक गुलामास एक लहान पेला ब्रँडी आणि दोन इंच तंबाखू द्यावी, असा रीबेकाचा हुकूम होता. वाचकहो, विद्येच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणाऱ्याच्या हातीं पाटीबरोबर पेला!

पुढें या पेल्याची पद्धतच पडली. तिला तेथें 'डॉप' म्हणतात. मळ्यावरच्या मजुरास त्याच्या मजुरीचा कांहीं भाग नाण्यांत न देतां वाईनमध्यें द्यावयाचा. सकाळीं कामास लागतांना एक डबा, न्याहरीला एक, दुपारीं एक, दिवस मावळतांना एक. बाजारांत जी खपावयाची नाहीं अशी हलकी वाईन मजुराच्या पोटांत ओतावयाची आणि तिचा पैसा मजुरींत धरावयाचा. धन्याचा तिहेरी फायदा: नासका माल खपला, मजुरी वांचली, आणि पेल्याची चटक लागलेला मजूर दुसऱ्या मळ्यावर जाण्याची भीति उरली नाहीं. १८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें उठली, पण डबा उठला नाहीं. १९६० च्या दशकांत कायद्यानें डॉपलाही मनाई केली. तरी १९९० च्या दशकापर्यंत ती चाल कोठें कोठें जिवंत होती. कायदा शहरांत होतो आणि मळा शहराबाहेर असतो, हें आमच्या वाचकांस का सांगावें लागतें?

१९९७ सालीं त्याच मुलखांतील वेलिंग्टन गांवच्या शाळांत पहिलींतल्या मुलांची तपासणी झाली. हजारांत ४० ते ४६ मुलें या दुखण्यानें जन्मभर जायबंदी झालेलीं निघालीं. कांहीं वर्षांनीं पुनः तपासलें तों आंकडा हजारांत ६५ ते ७४ वर गेला होता. साऱ्या जगाची सरासरी काढली तर ती दहा हजारांत सुमारें १५ येते. आतां वाचकांनींच तुलना करून पाहावी. त्या मुलांच्या आयांची चौकशी झाली तेव्हां आढळलें कीं त्या बहुधा मळ्यावरच्या मजूर बाया. रोज थोडें न पितां आठवड्याचा पगार झाला कीं शुक्रवारीं-शनिवारीं एकदम पुष्कळ पिणाऱ्या. त्यांचे नवरेही पिणारे. आणि त्या बाया अंगानें वाळलेल्या, अर्धपोटीं राहिलेल्या. हें शेवटलें फार महत्त्वाचें आहे. खाऊनपिऊन असलेल्या बाईपेक्षां खंगलेल्या बाईच्या लेकरास त्याच दारूची इजा अधिक होते. म्हणजे दारू पोटांतल्या लेकरांतही गरीब-श्रीमंत पाहते!

आणि या सर्वांवर कळस म्हणजे, त्या मजुरांविषयीं गोरे मळेवाले काय बोलत? कीं हे लोक जातीचेच पिदाड, यांचीं पोरें जन्मतःच मठ्ठ, यांस शिकवून उपयोग नाहीं. तीनशें वर्षें स्वतःच्या हातानें पेला भरून द्यावयाचा, पेल्यानें मेंदू मारावयाचा, आणि मग मेलेला मेंदू दाखवून "पहा, यांची जातच अशी" म्हणावयाचें. हा न्याय आमच्या वाचकांस अनोळखी वाटणार नाहीं. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या आमच्यासाठीं शाळेचें दार लावून घेतलें त्यांनींच आम्हांस अडाणी म्हणून हिणविलें. कोणत्याही जातींत, कोणत्याही रंगांत मठ्ठपणाचें बीं नसतें. तें बाहेरून पेरलें जातें, आणि पेरणाराचें नांव लपविलें जातें.

आमच्या मुलखांत डॉप नव्हता, असें कोणी म्हणेल. त्या नांवाचा नव्हता. पण १८७८ चा आबकारी कायदा आला आणि घरची मोहाची दारू गुन्हा ठरून ठेकेदाराची दारू कायदेशीर झाली, तेव्हां ठाण्यापासून सुरतेपर्यंतच्या जंगलपट्टींत काय झालें? दारूचा दुकानदार उधारीवर पाजी, उधारीचें व्याज चढवी, आणि शेवटीं जमीन आपल्या नांवें करून घेई. १९२२ सालीं त्याच पट्टींत देवीची चळवळ उठली. हजारों आदिवासींनीं दारू-ताडी सोडली आणि दुकानदाराच्या शेतावर राबण्याचें नाकारलें. कोणी पुढारी शहरांतून गेला नव्हता. त्या लोकांस स्वतःसच कळलें कीं पेला कोणाच्या फायद्याचा. त्याहीपूर्वीं, १८८० सालीं, पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतां जोतीराव फुले यांनीं शहरांत वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. तेव्हां हा प्रश्न आम्ही आज बाहेरून उसना आणलेला नाहीं.

आतां मुद्द्यावर येतों. असा लेख वाचून घरोघरचे पुरुष काय करतील याची आम्हांस धास्ती वाटते. स्वतः संध्याकाळीं झोंकांड्या खात येतील आणि बायकोस दरडावतील, "तूं प्यालीस म्हणून पोर असें झालें!" भल्या गृहस्था, तिला पहिला घोट कोणी दिला? तिच्या दुधातुपाचे पैसे कोणत्या गुत्त्यावर गेले? पोटांत लेकरूं असतां तिला लाथ कोणी मारली? केपच्या मळ्यांतल्या त्या बायांचे नवरेही पिणारेच होते, हें वर लिहिलें आहे तें पुनः वाचावें. ज्या घरांत बाप रोज पितो त्या घरांत आईनें एकटीनें नऊ महिने कोरडें राहावें ही अपेक्षा करणें म्हणजे तिला विहिरींत उभी करून भिजूं नको म्हणण्यासारखें आहे. बायकोस दिवस गेले असें समजलें कीं नवऱ्यानेंही बाटली घराबाहेर काढावी. पोरगें त्याचेंही आहे.

तसेंच बाईस दंड करून, तिला चारचौघांत उघडी पाडूनही हें दुखणें जात नाहीं. जेथें शिक्षेची भीति असते तेथें बाई दवाखान्याची पायरीच चढत नाहीं, आणि मग लेकराचें दुहेरी नुकसान होतें. सासूबाईंनीं, जावांनीं, आशाताईंनीं तिला जवळ बसवून विचारावें, हळू आवाजांत विचारावें. आणि ती "होय" म्हणाली तर तिला शिव्या न देतां पुढील गोष्ट सांगावी. पाळी चुकल्याचें कळण्याआधीं चार-दोन वेळां घेतली गेली असेल तर घाबरून गर्भ पाडण्याच्या नादीं लागूं नये. पुष्कळ मुलें अशा स्थितींतही नीट जन्मतात. आज सोडली तर आजपासून लेकराचा फायदा आहे. सातव्या महिन्यांत सोडली तरीही आहे, कारण मेंदू तेव्हांही घडतच असतो. पण जी बाई रोज भरपूर पिते, जिचे हात सकाळीं घेतल्याशिवाय थरथरतात, तिनें घरच्या घरीं एकदम सोडूं नये. तसें केल्यानें झटके येऊन तिच्या व लेकराच्या जिवास धोका होतो. तिला सरकारी दवाखान्यांत न्यावें आणि डॉक्टरांपुढें खरें तें सांगावें.

आणखी चार गोष्टी ज्या दारू म्हणून ओळखल्या जात नाहींत. आसवें आणि अरिष्टें हीं आयुर्वेदाचीं औषधें आंबवूनच तयार होतात, आणि त्यांत शेंकडा १२ पर्यंत मद्यार्क असूं शकतो. दुकानांतून आपल्या मनानें बाटली आणून गरोदर बाईस ताकद येण्यासाठीं देऊं नये. आधीं वैद्यास वा डॉक्टरांस ती गरोदर आहे हें सांगावें. पहांटे उतरलेली ताजी नीरा आणि दुपारची ताडी यांचें झाड एक असलें तरी वस्तु एक नव्हे. ऊन चढलें कीं नीरा आंबते. ताडी थंड असते, गरमी उतरविते, हें बोलणें गरोदर बाईच्या कामाचें नाहीं. सर्दी-खोकल्यासाठीं ब्रँडीचा चमचा नको. आणि तान्ह्या मुलास थंडी वाजूं नये म्हणून ब्रँडींत बुडविलेलें बोट चोखविण्याची जी चाल कांहीं घरांत आहे ती तर आजच्या आज बंद करावी. ऊब घोंगडींत आणि आईच्या छातीशीं असते, बाटलींत नसते.

हें झालें घरचें. आतां सरकारकडे वळूं. दारूवरच्या कराचें आमच्या महाराष्ट्र सरकारचें वार्षिक उत्पन्न वीस हजार कोटी रुपयांच्या वर गेलें आहे. २०२२ च्या जानेवारींत मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाईन विकण्यास मंजुरी दिली, तेव्हां द्राक्ष पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें हित हें कारण पुढें केलें होतें. शेतकऱ्याच्या हिताची आठवण कोणास कोठें होईल याचा नेम नाहीं! द्राक्षबागाईतदारास भाव मिळावा हें आम्हांसही हवें आहे; पण त्यासाठीं शीतगृहें, रस्ते आणि बेदाण्याची बाजारपेठ असे मार्ग आहेत. ज्या पिकाच्या नांवानें केपमध्यें तीनशें वर्षें मजुरांचीं लेकरें मारली गेलीं, त्याची हकीकत त्या चर्चेंत एकानेंही काढली असेल तर ती आमच्या वाचनांत आली नाहीं.

२०१९ सालापासून आमच्या देशांत दारूच्या प्रत्येक बाटलीवर इशारा छापावा लागतो. त्या इशाऱ्यांत दोन गोष्टी आहेत: दारू प्रकृतीस घातक आहे, आणि पिऊन गाडी चालवूं नये. गाडीची काळजी झाली. गर्भाचें नांव नाहीं. अमेरिकेनें १९८८ सालीं कायदा करून गरोदर बायांसाठीं बाटलीवर इशारा छापावयास लावला. फ्रान्समध्यें ऑक्टोबर २००७ पासून प्रत्येक बाटलीवर गरोदर बाईचें चित्र आणि त्यावर आडवी रेघ किंवा तशा अर्थाचीं अक्षरें असतात. फ्रान्स हा वाईन पिकविणारा आणि विकणारा देश. त्याला त्यानें कांहीं धंदा बुडेल असें वाटलें नाहीं. आमच्याकडे तर चित्राची गरज अधिक, कारण बाटली ज्या घरांत जाते त्या पुष्कळ घरांत वाचणारें माणूस नसतें.

दुकान बंद करावयाचें तर आडव्या बाटलीवर मत देऊन तें करण्याची सोय गांवच्या बायांस आहे, आणि पुष्कळ गांवांनीं ती वापरली आहे. पण त्यास वेळ लागतो, पोटांतलें लेकरूं नऊ महिन्यांहून अधिक थांबत नाहीं. म्हणून तोंपर्यंत येत्या ग्रामसभेंत एवढा तरी ठराव मांडावा असें आम्ही सुचवितों: "गरोदरपणीं दारूचें कोणतेंही प्रमाण निर्धोक ठरलेलें नाहीं आणि तिनें लेकरास जन्माची इजा होऊं शकते, म्हणून एक थेंबही नको, हें आशाताईंनीं प्रत्येक गरोदर बाईस तिच्या नवऱ्यासमक्ष पहिल्याच भेटींत सांगावें, वीटभट्टी, खाण व ऊसतोडणीच्या अड्ड्यावर मुकादमानें मजुरांस उचलींत वा मजुरींत दारू देऊं नये, दिल्यास तें उघडकीस आणावें, आणि दारूच्या बाटलीवर गरोदर बाईचें चित्र असलेला इशारा मराठींत छापावा अशी या ग्रामसभेची सरकारकडे मागणी आहे." ठरावाची एक नक्कल तहसीलदारांकडे व एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवून पोंच घ्यावी; पोंचेशिवाय कागद देऊं नये. ज्या गांवीं ठराव होईल त्यांनीं तारीख आणि सभेस हजर असलेल्या बायांची संख्या आम्हांस कळवावी. बायांचीं नांवें पाठवूं नयेत. संख्या आम्ही पुढील अंकांतून छापूं.